अर्धवट देव्हारा आणि हात न जोडणारा मुलगा

वाचकाचे पत्र, थोडक्यात: मंगळवार पेठेतले जुने घर सोडून गेल्या वर्षी कळंब्याच्या बाजूला फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या एका भगिनींचे हे पत्र आहे. त्या पतसंस्थेत नोकरी करतात, पती शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहेत. घरात सासूबाई, सातवीतला मुलगा आणि दुसरीतली मुलगी आहे. जुना सागवानी देव्हारा फ्लॅटमध्ये मावेना म्हणून तो चुलत दिरांच्या माळ्यावर ठेवला. मे महिन्यात पतीने नवा देव्हारा स्वतः करायला घेतला. मुलांना हाताशी घ्यायचे, म्हणजे त्या निमित्ताने त्यांना देवाधर्माचे वळण लागेल, असा त्यांचा विचार होता. पाऊस लागला आणि काम रखडले. आता सांगाडा गॅलरीत प्लास्टिकखाली उभा आहे आणि देव स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाटावर आहेत. सासूबाई रोज पूजा झाली की म्हणतात, “देवांना भाड्याचंसुद्धा घर मिळेना.” श्रावणातल्या एका रविवारी मुलाने फळी तिरकी कापली, वडील ओरडले, आणि मुलगा करवत टाकून म्हणाला, “मी देव मानतच नाही, मला कशाला राबवताय?” त्यानंतर तो कामाला आला नाही. गणपतीच्या आरतीलाही हात न जोडता दाराशी उभा राहिला. आजोबांप्रमाणे नातवानेही येत्या माघात जोतिबाचे खेटे घालावेत, म्हणजे पाच रविवार अनवाणी चालत डोंगरावर दर्शनाला जावे, अशी आजीची इच्छा आहे, आणि रविवारी त्याचा फुटबॉल असतो. भगिनी विचारतात की मुलावर सक्ती करावी का, देव्हारा विकत आणून विषय मिटवावा का, आणि संस्कारांत आपणच कुठे कमी पडलो का.

सप्रेम नमस्कार.

ताई, तुम्ही विचारलेले तिन्ही प्रश्न वेगवेगळे आहेत, पण तुमच्या घरात ते गॅलरीतल्या त्या एका सांगाड्याला येऊन अडकले आहेत. देव्हाऱ्याचे काम देव ठेवण्याचे. तुमच्या घरात मात्र त्याच्याकडून मुलगा श्रद्धाळू व्हावा, सासूबाईंना नवे घर आपले वाटावे आणि वडील व मुलगा रविवारी एकत्र यावेत, एवढ्या अपेक्षा आहेत. पाऊण इंची प्लायवूडला हे पेलणारे नाही. म्हणून माझे पहिले म्हणणे असे, की देव्हाऱ्याचे काम आणि मुलाच्या श्रद्धेचे काम ही दोन कामे आजपासून एकमेकांपासून सोडवून घ्या. पहिल्याला तारीख लावता येते आणि लावलीच पाहिजे. दुसऱ्याला तारीख लावू गेलात तर गणपतीत जे झाले तेच पुन्हा होईल.

आधी त्या रविवारकडे पाहू. मुलगा “मी देव मानत नाही” म्हणाला, हे तुम्ही पत्रात तीनदा लिहिले आहे, पण ते कधी म्हणाला हे एकदाच आणि ओझरते आले आहे. फळी तिरकी गेली, वडील ओरडले, बहीण समोर उभी होती, आणि मग ते वाक्य आले. बारा वर्षांच्या मुलाला अशा वेळी हातात सापडेल ते शस्त्र लागते, आणि ज्या कामाला वडील सकाळपासून ‘देवाचं काम’ म्हणत होते, त्याला सर्वांत जास्त लागेल असे वाक्य कोणते, हे त्याला बरोबर कळले. त्या वाक्याचा निम्मा भाग तरी करवतीबद्दल होता असे मला वाटते.

तुमचे यजमान दिवसभर ज्या कामात असतात तिथे मायक्रॉनचा हिशेब चालतो, आणि जॉब मापाबाहेर गेला की तो रिजेक्ट होतो. सुतार सुतात बोलतो, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि एखादे सूत इकडेतिकडे झालेच तर वरून पट्टी मारून ते झाकायची सोय त्याच्या धंद्यातच आहे. पहिल्यांदाच करवत धरलेल्या मुलाचा हिशेब या दोन्हींत बसत नाही. त्याच्या हातून फळी तिरकी जाणारच होती, कारण करवत मनगटाने ओढली की पाते वळते आणि ती कोपरापासून सरळ ओढायला हाताला काही दिवसांची सवय लागते. यजमानांनी हे मुलाला एकदा आपल्या तोंडाने सांगावे. माफीनामा नको. “मी कारखान्यातलं माप तुला लावलं” एवढे एक वाक्य पुरे आहे. ते देवाधर्माविषयी नसावे आणि त्याला जोडून “आता चल, कामाला लाग” असेही येऊ नये.

आता उरलेला निम्मा भाग. त्याला खरोखरच प्रश्न पडले असतील, ही शक्यता धरून चालणे हा त्याचा मान आहे. अकरा-बाराच्या सुमारास मुलांची विचार करण्याची रीत बदलते. डोळ्यांसमोरच्या वस्तूंपलीकडे जाऊन ‘असे नसते तर?’ असा विचार त्यांना करता येऊ लागतो, असे स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी मांडले. त्यातील वयाच्या काटेकोर पायऱ्यांवर पुढे बरीच चर्चा झाली, पण सातवी-आठवीतल्या कोणत्याही मुलाच्या आईला मूळ गोष्ट पटेल. कालपर्यंत “देव कुठे राहतो?” विचारणारे पोर आज “देव आहे हे कशावरून?” विचारते. प्रश्न वयाने आला आहे. तो शाळेतून, मोबाइलमधून किंवा ‘वाईट संगती’तून आला असे सासूबाईंना वाटत असेल तर त्यांना हे जरूर सांगा.

कोल्हापुरात तर या प्रश्नाचे कोणाला वावडे वाटू नये. पूजा कोणी करायची, मंत्र कोणते म्हणायचे आणि ते कोणासाठी, हा वाद पंचगंगेच्या घाटावरच्या कार्तिकस्नानातून उठला आणि वेदोक्त प्रकरण म्हणून सगळ्या महाराष्ट्रात गाजला. १९११ मध्ये इथे शाहू सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि १९२० मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी क्षात्रजगद्गुरूंचे, म्हणजे मराठा समाजाच्या स्वतःच्या धर्मगुरूंचे, स्वतंत्र पीठ उभे केले. हे सगळे ज्या गावात झाले त्याच गावात नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगा लागतात आणि चैत्रात ‘चांगभलं’च्या गजरात जोतिबाचा डोंगर गुलालाने न्हाऊन निघतो. प्रश्न विचारणे आणि डोंगर चढणे या दोन्ही गोष्टी इथे एकाच घरात, कधी एकाच माणसात नांदल्या आहेत. तुमचा मुलगा वेगळ्या गावाहून आलेला नाही.

मग त्याला उत्तर काय द्यायचे? पत्रात तुम्ही स्वतःविषयी एक वाक्य लिहून पुढे गेला आहात. “मी काही फार देवभोळी नाही, आईंसाठी सगळं करते.” हे तुम्ही मुलाला कधी सांगितले आहे का? मला वाटते, त्याच्यासमोर घरात दोनच बाजू आहेत. एकीकडे आजी आणि बाबा, ज्यांच्या मते देव आहेच, आणि दुसरीकडे तो एकटा. तुमच्यासारखी माणसे, जी रोज दिवा लावतात, काही गोष्टींवर विश्वास ठेवतात, काहींवर ठेवत नाहीत, आणि तरीही घट बसला की उपास करतात, ती त्याला दिसतच नाहीत, कारण ती बोलत नाहीत. त्याला एकट्याला गाठून, दुचाकीवरून क्लासला सोडताना म्हणा हवे तर, तुम्ही काय मानता, काय मानत नाही आणि कशाविषयी तुमचेच नक्की झालेले नाही, हे सांगा. “मलाही सगळं माहीत नाही” हे आईच्या तोंडचे वाक्य त्याला बाबांच्या दहा व्याख्यानांपेक्षा जास्त उपयोगी पडेल. आणि त्याने काही विचारले तर लगेच उत्तर देण्याची घाई करू नका.

सक्तीविषयी माझे मत स्पष्ट आहे. श्रद्धेची सक्ती करू नये आणि हजेरीची करायला हरकत नाही. घरात गणपती बसतो, घट बसतो, वर्षश्राद्ध असते, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने तिथे असावे, मोबाइल बाजूला ठेवावा, थट्टा करू नये, प्रसाद वाटायला हात लावावा, एवढे मागण्याचा आईवडिलांना हक्क आहे. हात जोडायचे का, डोळे मिटायचे का, मनात काय म्हणायचे, हे त्याचे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातही, ज्यात भारत १९९२ मध्ये सामील झाला, हा तोल दिसतो. त्याचे चौदावे कलम मुलाचे विचार, विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य मान्य करते आणि त्याच दमात मुलाच्या वाढत्या समजुतीला धरून त्याला मार्गदर्शन करण्याचा आईवडिलांचा हक्क आणि कर्तव्यही मान्य करते. गणपतीत तो दाराशी उभा राहिला याचे तुम्हाला वाईट वाटले. मला मात्र ते वाचून बरे वाटले, कारण तो खोलीत कडी लावून बसला नाही. दारापर्यंत तो आपण होऊन आला होता. पुढच्या वेळी “हात जोड” असे म्हणण्याऐवजी त्याच्या हातात घंटा किंवा झांज द्या. कोल्हापूरच्या मुलाला झांज वाजवायला श्रद्धेची अट लागत नाही.

खेट्यांचा निर्णय मी त्याच्यावर सोडीन. पहाटेच्या अंधारात शिवाजी पूल ओलांडून वडणगे, कुशिरे करत अनवाणी डोंगर गाठायचा, आणि असे पाच रविवार, हे हौसेने केले तर आयुष्यभर लक्षात राहते आणि ढकलत नेले तर तेही आयुष्यभर लक्षात राहते. त्याचे रविवारचे फुटबॉल म्हणजे देव टाळण्याची सबब आहे असे घरात बोलले जाते, तेवढे थांबवा. ज्या शहरात पेठेच्या संघासाठी मोठी माणसे कामधंदा सोडून शाहू स्टेडियमवर जाऊन बसतात, तिथे बारा वर्षांच्या मुलाने रविवारी मैदानावर जाणे याला सबब म्हणता येणार नाही. पाचांपैकी एका खेट्याला त्याच्या दोन मित्रांना घेऊन जायचा प्रस्ताव यजमानांनी त्याच्यापुढे ठेवावा, वाटेत काय खायचे हेही त्यालाच ठरवू द्यावे, आणि तो नाही म्हणाला तर विषय तिथेच संपवावा. “आलास तर नवे बूट घेऊन देतो” असली देवघेव मात्र नको. नवस बोलायची सवय देवासमोर लागली तर एक वेळ चालेल, बापासमोर नको.

आता ज्या गोष्टीविषयी तुम्ही काहीच विचारलेले नाही ती. तुमच्या पत्रात मुलगी एकाच वाक्यात येते: “धाकटी आज्जीजवळ बसून फुलं निवडते, वाती वळते, तिचा काही प्रश्न नाही.” मुलाच्या श्रद्धेवर चार पाने आणि मुलीच्या श्रद्धेवर एक ओळ. ती आनंदाने बसते हे चांगलेच आहे. पण याच घरात ती आणखी काय शिकते आहे तेही पाहा. दादाला करवत मिळाली आणि मला वाती मिळाल्या, दादाने प्रश्न विचारला की सगळे घर हलते आणि मी निमूट काम केले की “तिचा प्रश्न नाही”, हे सातव्या वर्षी बरोबर कळते. गॅलरीतल्या कामाला तिला कधी बोलावले होते का, हे पत्रात नाही. नसेल तर आता बोलवा, आणि मुलाला देवाची भांडी घासायला बसवा. चिंच आणि मीठ लावून पितळेची समई उजळणे हे रसायनशास्त्राचे काम आहे. आम्लाने धातूवरचा काळा थर सुटतो, हे सातवीतल्या मुलाला पुस्तकातूनही ठाऊक असते, आणि त्यासाठी आस्तिक असावे लागत नाही.

सासूबाईंचा राग मला देव्हाऱ्यापेक्षा घराविषयीचा वाटतो. पेठेतल्या घरात देवघर ही त्यांची खोली होती. तिथे काय कुठे असावे हे त्या ठरवत. फ्लॅटमध्ये त्यांना खोली नाही, कपाटाचा एक कप्पा आहे, आणि देवांसाठी काय करायचे हे मुलगा, सून आणि नातवंडे मिळून ठरवताहेत. नव्या देव्हाऱ्याचा नकाशा काढताना त्यांना विचारले होते का? यजमानांनी तो मोबाइलवरच्या चित्रावरून काढला, असे तुम्ही लिहिले आहे. तेव्हा उरलेल्या कामाचे माप सासूबाईंकडून घ्या, आणि हे अगदी शब्दशः म्हणते आहे. त्या पूजेला बसतात की उभ्या राहतात, गुडघे दुखत असतील तर स्टुलावर बसून त्यांचा हात कुठवर पोहोचतो, ताम्हन ठेवायला किती जागा लागते, कापूर, गंध आणि वस्त्रमाळा हाताशी कुठे हव्यात, हे टेप घेऊन मुलाने मोजावे आणि वहीत लिहावे. सगळ्यांत उंच टाकाच्या किंवा मूर्तीच्या वर फूल वाहायला हात आत गेला पाहिजे, म्हणजे किमान वीतभर जागा मोकळी लागते. मोबाइलवरची चित्रे नेमके हेच सांगत नाहीत.

त्याच बैठकीत दुसरे एक काम होऊ शकते. तुमच्याकडे चांदीचे टाक आहेत असे पत्रात आहे. घोड्यावरचा जोतिबा, अंबाबाई, खंडोबा आणि बहुधा घराण्यातल्या वीराचा एखादा. कोणता टाक कोणाचा, कोणी केला, कोणाच्या लग्नात आला, हे फक्त सासूबाईंना माहीत असणार. मुलाने ते विचारून लिहून घ्यावे आणि प्रत्येक टाकाचा फोटो काढून त्याखाली मजकूर लिहावा. हा इतिहास आहे आणि तो विचारायला देव मानावा लागत नाही. एखादा टाक फार झिजला असेल तर आजी-नातवाने मिळून गुजरीत, सराफांच्या पेठेत जाऊन तो उजळून आणावा. नातू काही विचारतो आहे, हे सासूबाईंना कदाचित देव्हाऱ्याइतकेच हवे असेल.

राहिला खुद्द देव्हारा. तयार देव्हारा विकत आणणे हा पराभव आहे, असे तुमच्या यजमानांना वाटते. मला तसे वाटत नाही. बाजारातला देव्हाराही कोणीतरी हातानेच केलेला असतो, आणि घरात लहान मुले, नोकऱ्या आणि आजारपण असताना दोन तासांत प्रश्न सुटत असेल तर तो जरूर सोडवावा. पण तुमच्या बाबतीत सांगाडा उभा आहे, लाकूड आणलेले आहे, आणि मुलाने टाकून दिलेली गोष्ट बाबांनीही टाकून दिली असे चित्र उरेल. म्हणून मी काम पुरे करण्याच्या बाजूने आहे, एका अटीवर. नकाशा निम्मा करा. दारे, जाळी, घंटांची माळ, शिखर हे सगळे तूर्त वगळा. दोन पायऱ्या, पाठ, दोन बाजू, छत आणि खाली एक खण, एवढे घटस्थापनेआधी होण्यासारखे आहे. घटस्थापनेआधीच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळपर्यंत जोडणी झाली नाही, तर सोमवारी सुताराला फोन करायचा, हे सासूबाईंच्या देखत आज ठरवा. एका दिवसाची मजुरी देऊन सुताराकडून जोड आणि खण करून घेतला तर तो देव्हारा कमी घरचा होत नाही. उलट मुलांना खरे काम जवळून पाहायला मिळते.

पावसाळ्यात काम थांबले यात यजमानांचा दोष धरू नका. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड दमट हवेने फुगते, खण अडकतो, आणि पॉलिश मारले तर ते पांढुरके पडते. आता ऊन पडू लागले आहे, तेव्हा प्लास्टिक काढून सांगाडा दोन-तीन दिवस सावलीत वाऱ्यावर राहू द्या. थेट उन्हात ठेवलात तर फळी वाकेल. काम पुन्हा सुरू करण्यापूर्वी गुण्या लावून चारही कोपरे तपासा, कारण चार महिन्यांत जोड हलले असण्याची शक्यता आहे.

आणि ती तिरकी फळी. ती फेकू नका आणि नवी आणू नका. पत्रावरून ती बाजूची फळी दिसते आणि फरक दोन-तीन सुतांचा आहे. पुढच्या कडेला सागवानाची अर्ध्या इंचाची पट्टी लागणारच आहे, कारण प्लायवूडची उघडी कड कोणी तशी ठेवत नाही. त्या पट्टीच्या मागच्या बाजूला रंधा मारून ती फळीच्या तिरकेपणाला जुळवून घेतली, फेव्हिकॉल लावून बिनडोक्याच्या बारीक खिळ्यांनी बसवली आणि रात्रभर दाबून ठेवली, की समोरून रेषा सरळ दिसते. हे मुलाला दाखवून करा. प्रत्येक सुतार हेच करतो, हे त्याला कळू द्या. स्क्रू मारण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणी बारीक भोक पाडायला विसरू नका, विशेषतः कडेजवळ, कारण प्लायच्या कडेत सरळ स्क्रू घुसवला की थर फाटतात, आणि मग पुन्हा ओरडाआरडा.

मुलांना कामे वयाप्रमाणे द्या. विजेवरचे कटर मोठ्यांनीच हाताळावे, आणि ते चालू असताना मुले गॅलरीबाहेर. मुलगा खुणा करणे, गुण्या धरणे, हाताने स्क्रू पिळणे, आणि पुन्हा हात घालावासा वाटला तर टाकाऊ तुकड्यावर करवत चालवणे, एवढे करू शकतो. पॉलिश पेपर दोघांनाही देता येईल, आधी ऐंशी नंबरचा, मग एकशेवीस, शेवटी दोनशेवीस, आणि घासायचे ते लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवे घासलेले ओरखडे पॉलिश मारल्यावर उठून दिसतात. नाकातोंडावर रुमाल बांधा. मुलगी रांगोळीतली ठिपक्यांची नक्षी कागदावर काढून देईल, ती पाठीवर उतरवून तिलाच रंगवू द्या. आणि मुलगा आला नाही तर? तर काम त्याच्याविना चालू राहील, त्याला हाका मारायच्या नाहीत आणि टोमणेही नाहीत. माझा अंदाज आहे की करवतीच्या आवाजाला तो दुसऱ्या रविवारी येऊन बघेल. नाही आला तरी देव्हारा पुरा होईल.

जुन्या देव्हाऱ्याचे काय, हे तुम्ही विचारले नाही, पण सासूबाईंच्या मनात ते असणार. चुलत दिरांची हरकत नसेल तर त्याची पुढची महिरप किंवा दोन खांब सोडवून नव्याला लावता येतील का, हे सुताराला विचारा. सागवान पन्नास-साठ वर्षांनीही रंधा मारला की आतून ताजे निघते. महिरप रुंद असेल तर ती कापण्याआधी सासूबाईंची परवानगी घ्या, आणि त्या नाही म्हणाल्या तर राहू द्या.

दिशेचा वादही पत्रात आहे. ईशान्येला न्हाणीघर आले आहे आणि उरलेल्या भिंतीवर देव ठेवले तर त्यांचे तोंड पश्चिमेला होते, म्हणून सासूबाई नाराज आहेत. त्यांना फक्त एवढे आठवून द्या की करवीरनिवासिनी अंबाबाई स्वतः पश्चिमाभिमुख उभी आहे. म्हणून तर नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीअखेरीस मावळतीची किरणे महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात आणि किरणोत्सव होतो. ज्या घराची देवी पश्चिमेकडे पाहते, त्या घरातल्या देव्हाऱ्याने पश्चिमेकडे पाहिले तर काय बिघडले? हे त्यांना तुम्ही सांगण्यापेक्षा नातवाने होकायंत्र घेऊन, मंदिराचा नकाशा काढून सांगितले तर जास्त पटेल.

घटाविषयी एक व्यावहारिक सूचना. घट नव्या देव्हाऱ्यात बसवू नका, शेजारी पाटावर परातीत बसवा. पत्रावळीतल्या मातीला नऊ दिवस पाणी घातले की ते झिरपतेच, आणि प्लायवूडचा तळ फुगून थर सुटतात. त्या घटाला रोज किती पाणी घालायचे आणि कोणते धान्य कधी उगवले याची नोंद ठेवायचे काम मुलाला देऊन बघा. गहू, ज्वारी, करडई एकाच मातीत असूनही सारखी वर येत नाहीत, आणि अंधाऱ्या कोपऱ्यातले अंकुर पिवळट का राहतात, हा प्रश्न त्याला पडेल. त्याला तो शाळेचा प्रयोग वाटला तर वाटू द्या. आजीला ती सेवा वाटेल. एकाच तांब्याने दोन्ही होतात आणि कोणी कोणाला दुरुस्त करायची गरज नाही.

हे उत्तर लिहिताना इतरही काही पत्रे माझ्यासमोर आहेत. पर्युषणात एकासन करायला नकार देणारी नववीतली मुलगी, पहिला रोजा आईवडिलांना नको आणि मुलाला हवा असलेले घर, रविवारी चर्चला न येता क्रिकेटला जाणारा मुलगा, आणि याच्या उलट, नास्तिक आईवडिलांच्या घरात आजीकडून स्तोत्र शिकून आलेली मुलगी. माझा सल्ला या सगळ्यांना हाच आहे. घराच्या रीतीला हजेरी मागा, मनातल्या विश्वासाची हजेरी घेऊ नका, आणि उपास-रोजासारख्या शरीराला ताण देणाऱ्या गोष्टींत मुलाचे वय व तब्येत यांना धर्माच्याही आधी ठेवा. मुलगा मानत नाही म्हणून जितका धीर धरायचा, तितकाच मुलगी मानते म्हणूनही धरावा लागतो. हे नास्तिक पालकांना सांगितलेले आवडत नाही, पण आहे तसेच आहे.

संस्कारांत कमी पडलो का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. राग आल्यावर खोटे हात जोडण्यापेक्षा जो मुलगा खरे बोलून दाराशी उभा राहतो, त्याच्या आईने हा प्रश्न इतक्यात विचारू नये.

यजमानांसाठी एक शेवटची गोष्ट, कारण ते हे सदर वाचतात असे तुम्ही लिहिले आहे. थिनरचे पॉलिश वापरणार असाल तर शेवटचा हात घटस्थापनेआधी किमान चार-पाच दिवस मारा, दारे-खिडक्या उघड्या ठेवा, आणि वास पूर्ण जाईपर्यंत जवळ काडी ओढू नका, कारण त्या वाफा पेट घेतात. नंतरही नंदादीप छताखाली आत ठेवू नका. पुढच्या उघड्या भागात ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा बसवा आणि त्यावर ठेवा. दिवा नक्की कोणत्या दिवशी लागणार ती तारीख आधी तुमच्या आईंना सांगा, मग बाकीच्यांना.